भ्यालात तर बोला

बालमणीइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. माणूस गेलं की त्याच्याविषयी चांगलंच लिहायचं असा रिवाज आहे. ती गेल्या साली भिवंडीला लेकीकडे गेली आणि तिथंच वारली. पण भित्री होती ती होतीच.

कुकरची शिट्टी ती होऊ द्यायची नाही. शिट्टीच्या आधी कुकर फुसफुसायला लागला की गॅस बंद करायची आणि पदराचं टोक दातात धरून दाराबाहेर जाऊन उभी राहायची. त्यामुळे तिच्या घरची डाळ जन्मभर कच्ची. नवरा ती डाळ खाऊन म्हातारा झाला, आणि कच्च्या डाळीची तक्रार करतच गेला. कुत्र्याला भ्यायची. पालीला, विजेला, इंजेक्शनला, बाजारातल्या सरकत्या जिन्याला. पोलीस चौकीवरून जायचं असलं तर रस्ता ओलांडून समोरच्या बाजूनं जायची. मी म्हणायची, अगं, तू काय चोरी केलीस का? तर म्हणायची, "न्हाय केली. पण त्यांनी बगितलं म्हंजे काय करायचं?"

अशा बाईनं आमच्या बोळाचं गुरूप काढलं. फोनवरचं. आणि काढलं तेही भीतीमुळेच.

मी केम गावची. चौथी झाले, मग लग्न होऊन सोलापुरात आले. नवरा कापडाच्या मागावर कामाला. आमच्या बोळात बहुतेक घरं तेलुगू. त्या बायका मला वदिना म्हणत. वदिना म्हणजे भावजय. कुणाची भावजय ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बोळाच्या दोन्ही अंगाला मागांचे कारखाने, मधे पत्र्याची घरं, एकाला एक लागून. बाप्ये मागावर आणि बाया विड्यांवर. विडीचं काम असं की सूप मांडीवर, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची. दोन्ही हात गुंतलेले, डोळेही गुंतलेले. कान तेवढे मोकळे.

एकदा बोळात गॅसचा वास सुटला. मला आला, माझ्या शेजारणीला आला, सगळ्यांना आला. प्रत्येकीला वाटलं दुसरीच्या घरचा असेल, ती बघेल. बालमणीलाही आला. ती घाबरून दार लावून आत बसली. मग वरच्या अंगाच्या एका घरात भडका झाला आणि तिथल्या सुनेचे दोन्ही हात भाजले. ती पोरगी जगली, पण विडी वळायची राहिली.

मग एक दिवस बालमणी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "वदिना, वास सगळ्यांना आला हुता. बोललं कुणीच न्हाय. मी तर दार लावलं." मी म्हटलं, झालं ते झालं. ती म्हणाली, "आसं न्हाय. भ्यालेल्या माणसानं बोललं पायजे. बाकीच्यांना काय कळतंय?"

तेव्हा तिची लेक भिवंडीहून आली होती. तिनं आपला जुना फोन आईला दिला, गुरूप करून दिलं आणि बोळातल्या सगळ्या फोनांत ते घालून दिलं. बालमणीला अक्षर येत नव्हतं. म्हणून तिचा पहिला नियम असा की लिहायचं नाही, बोलायचं. कुणी लिहून टाकलं की दारात जाऊन सांगायची, हात पानात असतात, वाचू कशानं? दुसरा नियम, आधी नाव सांगायचं, मग घर, मग काम. सकाळी सकाळी देवाचे नि फुलांचे फोटो टाकणाऱ्यांना तिनं लेकीकरवी काढून टाकलं. त्यात तिचा सख्खा दीर होता. आणि तिसरा नियम ती घोकवून घ्यायची, "भ्यालात तर बोला."

ती बोलायची कशी ते बघण्यासारखं होतं. फोन तळहातावर आडवा धरायचा, तोंडाजवळ आणायचा आणि चुलीत फुंकर मारावी तसं त्यात बोलायचं. "मी बालमणी. मधलं घर. पाणी सुटलं." एवढंच. मग आपलंच बोलणं परत लावून ऐकायची आणि माझ्याकडे संशयानं बघायची. आपला आवाज तिला कधी आपला वाटला नाही. कुणीतरी दुसरीच बाई बोलतीय म्हणायची.

पाण्याचा उपयोग लगेच झाला. आमच्याकडे पाणी येतं चार-पाच दिवसांतून एकदा, तेही कधी येईल त्याचा भरवसा नाही. घरात कुणीतरी बाई बसून राहायलाच हवी असायची. आता पहिल्या घरातली नळाला हात लावून बघायची आणि बोलायची, की सगळ्या बोळात तोच आवाज घुमायचा, कारण प्रत्येकीचा फोन सुपाशेजारी मोठ्यानं लावलेला. भिंती पातळ. तुझा फोन बंद असला तरी शेजारणीच्या फोनमधून तुला ऐकू यायचंच. भांडणंही तशीच ऐकू यायची, तो भाग वेगळा.

मग एकदा वरच्या घरातल्या गौरम्मानं किंचाळून सांगितलं की मोरीत साप आहे. सगळा बोळ काठ्या घेऊन धावला. निघाली सायकलची जुनी ट्यूब. लोक हसून हसून बेजार. दोन दिवस गौरम्मा दाराबाहेर आली नाही. बालमणी एकटी हसली नाही. तिनं फोन उचलला आणि सगळ्यांना सुनावलं की ट्यूब निघाली हे बरं झालं, साप असता तर? आणि गौरम्माला कुणी हसलं तर पुढच्या वेळी खरा साप आला तरी ती बोलणार नाही, मग बसा. तेव्हापासून खोटी आवई उठवली म्हणून कुणाला बोल लावायचा नाही हेही ठरून गेलं. मला त्या वेळी ते बरोबर वाटलं. आताही चूक म्हणवत नाही. पण पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे.

शोभा ही आमच्या बोळातली शेवटच्या घरातली सून. माळशिरसकडची, शेतातली पोर. तिला तेलुगू येईना, बायका आपसांत तेलुगू बोलायच्या, म्हणून ती बाहेरच यायची नाही. सासू विड्या घेऊन गेली की एकटी. एका दुपारी तिचा बारीक आवाज आला. "मी शोभा. शेवटचं घर. भिंत हलतीया." ती रडत होती. बालमणीनं लगेच उत्तर दिलं, "माझी बी हलतीया." मग एकेकीचं सुरू झालं. माझी पण हलते, माझ्या फळीवरची भांडी चालत चालत खाली येतात, माझा तर देव दर आठवड्याला तोंड फिरवतो. शेजारी माग चालू असले की भिंती हलणारच. शोभा त्या दिवशी पहिल्यांदा हसली, ते आम्ही फोनवर ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन आमच्यात येऊन बसली.

मग तो उन्हाळा आला.

पोरं पळवणारी टोळी आली आहे असं बोलणं कुठूनतरी सुरू झालं. आमच्यातल्या कुणीच काही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या गुरूपांतून आवाज यायचे. अनोळखी बाप्यांचे. कुणी म्हणे अमक्या गावातून पोर नेलं, कुणी म्हणे गोळी देऊन बेशुद्ध करतात आणि पोत्यात घालतात. ते आवाज बायका आमच्या गुरूपात टाकायच्या. हात विडीत, आणि कानात दिवसभर हेच. दारं लावून घेतलेली. पत्रा तापलेला. आत अंधार आणि घाम. विड्या वाकड्या व्हायला लागल्या, विडी कारखान्यातला चेकर मूठ मूठ काढून फेकायला लागला. तरी दारं उघडायला कुणी धजेना.

मी बालमणीला म्हटलं, हे बंद कर. तुझ्या हातात आहे. ती म्हणाली की मीच सांगितलं ना बोला म्हणून, आता गप्प बसा कसं म्हणू? आणि तिचा त्यावर विश्वासही बसला होता. तिचा नातू तीन वर्षांचा. त्याच्या करदोट्याला विडीचा दोरा बांधून त्याचं दुसरं टोक ती आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधायची. मी म्हटलं, हा दोरा ओढला की तुटतो. ती म्हणाली, "तुटू दे की. तुटला की कळतंय तरी." रात्रंदिवस ती त्या अंगठ्याकडे बघत विड्या वळायची. मलाही भ्या वाटायला लागलं होतं. माझ्या घरात लहान पोर नाही, तरी वाटायचं. भीतीला पोराची गरज नसते.

एका दुपारी ती दाराच्या फटीतून बघत होती. बोळात एक माणूस. निळा सदरा, पाठीवर पोतं. दोन-तीन पोरी त्याच्याभोवती, आणि तो त्यांना फुगे देत होता. तिनं फोन तोंडाशी धरला. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू आला, आणि मागोमाग तोच सगळ्या घरांतून. "मी बालमणी. मधलं घर. आत्ता बोळात एक मानूस शिरलाय. निळा सदरा. पोतं हाय. पोरांना फुगं देतोय. दारं लावा. आत्ता हाय, आत्ता."

बायका बाहेर आल्या. तो माणूस जागच्या जागी थिजला. अक्कलकोटच्या पलीकडचा, मराठी मोडकी. हात जोडून म्हणाला की मी केसवालीचा मुलगा, हुलगप्पा. आमच्याकडे एक म्हातारी यायची. विंचरताना गळालेले केस, म्हणजे गुंतवळ, बायका बोटाला गुंडाळून, दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवतात. म्हातारी ते न्यायची आणि बदल्यात पोरांना फुगे, बायांना क्लिपा, जास्त केस असले तर वाटी द्यायची. पाटी डोक्यावर आणि हाक मारत यायची. ती अंथरुणाला खिळली म्हणून तिचा मुलगा आला होता. त्याला हाक मारायची लाज वाटत होती, म्हणून मुकाट्यानं फिरत होता. एवढीच त्याची चूक.

बालमणीनं त्याला उंबऱ्यावर बसवून चहा दिला. अंतर राखूनच दिला, कप जमिनीवर ठेवून लांब सरकली. पण दिला. फोनवर परत बोलली की माणूस चांगला आहे, केसवालीचा मुलगा आहे, कुणी भिऊ नका. आणि त्याला म्हणाली, उद्या दुपारी ये, बायका केस काढून ठेवतील. ज्यांच्याकडे तयार होते त्यांनी लगेच दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका विड्या द्यायला कारखान्यात गेल्या. त्या वाटेवर एक कुत्री व्याली होती, म्हणून बालमणीनं आपला माल सुनेबरोबर पाठवला आणि नातवाला घेऊन घरी राहिली. मी गुडघ्यांमुळे घरी. शेवटच्या घरी शोभा. तिच्या फोनचं नेटचं पॅक दोन दिवस संपलेलं होतं. आदल्या दिवशी ती माहेरच्या माणसांना भेटायला कुर्डुवाडीला गेली होती आणि रात्री उशिरा परतली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. नवऱ्यानं कामावरून कुठूनतरी पॅक मारून दिलं. तिचा फोन जिवंत झाला, तिनं बोट लावलं आणि तो साठलेलं सगळं एकामागून एक बोलायला लागला.

मी दारात बसले होते. बालमणी तिच्या दारात. आणि खालच्या अंगानं बालमणीचाच आवाज आला. मोठ्यानं. "आत्ता बोळात एक मानूस शिरलाय." मी तिच्याकडे बघितलं. तिचं तोंड बंद होतं.

ती माझ्याकडे बघत होती. "वदिना," म्हणाली, "मी बोलले न्हाय." आवाज चालूच होता. निळा सदरा, पोतं, दारं लावा. ती उठली, नातवाला काखेत मारलं, आत गेली आणि कडी घातली. आपल्याच आवाजाला भिऊन ती आत लपली.

शोभा ओरडत बाहेर आली. पुढचा आवाज, चहाचा, तिनं ऐकलाच नाही. आणि तिच्या दारासमोर, दहा हातांवर, निळा सदरा घातलेला माणूस पोतं घेऊन उभा होता. त्याला दुसरा सदराच नव्हता.

मग माग थांबायला लागले. एक थांबला, मग दुसरा, मग सगळे. आमच्या बोळात दिवसा कधी शांतता नसते. खटखट इतकी अंगवळणी पडलेली की ती थांबल्यावरच ऐकू येते. त्या शांततेत बाप्ये कारखान्यांतून धावत बाहेर आले आणि पहिला फटका ऐकू आला. तो आवाज मी सांगत नाही.

त्यांनी पोतं उपडं केलं. केसांचा ढीग पडला. काळे, पांढरे, मेंदीचे, गुंतवळच गुंतवळ. एकजण म्हणाला, पोरींचे केस कापून घेतो. ज्यांच्या घरात फळीवर रोज गुंतवळ ठेवलेली असते ती पोरं हे बोलत होती. कुणालाच काही आठवेना. हुलगप्पा मराठी विसरला. कानडीत काहीतरी सांगत होता, आणि जसजसा तो कानडी बोलत गेला तसतसा त्यांना परका वाटत गेला. शोभाच्या दिराच्या हातात लोखंडी सळई होती.

माझ्या शेजारची कडी निघाली. बालमणी बाहेर आली. नातू माझ्या मांडीवर टाकला, "धर" म्हणाली. ती भिंतीला धरून चालत होती. तिचं लुगडं पुढून ओलं झालेलं मी बघितलं. धीट बाई अशी चालत नाही. गर्दीपाशी जाऊन ती ओरडली, आणि ओरडली तेसुद्धा फोनवर बोलते तसंच.

"मी बालमणी. मधलं घर."

तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. काहीजण वळले. ती म्हणाली, "ते कालचं हाय. शोभाच्या फोनात कालचं वाजलं. आज मी काय बी बोलले न्हाय. ह्याला मीच आज ये म्हनलं."

शोभाचा दीर म्हणाला, "मग हे केस कुणाचे, काकी?"

ती खाली बसली. ढिगात हात घातला. एक गुंतवळ उचलली आणि त्याच्या तोंडासमोर धरली. गुंतवळीला हिरवा दोरा बांधलेला होता. आमच्या विडी कारखान्याचा दोरा हिरवा आहे, दुसऱ्याचा लाल. "ह्यो दोरा वळख," म्हणाली. "तुज्या आईच्या सुपातला हाय. ह्या दोऱ्यावर तू वाढलास. तुज्या आईचे केस हायत हे, पायाखाली घिऊ नको."

त्यानं खाली बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. ढिगात जिथं तिथं हिरवा दोरा. सळई त्यानं टाकली नाही, पण हातही उचलला नाही. मागून नुकत्याच आलेल्या एकानं मात्र काही न ऐकता हुलगप्पाला आणखी एक लाथ घातली. असतात अशी माणसं. तोवर बायका रिकाम्या पाट्या घेऊन कारखान्यातून परतल्या आणि त्यांनी माणूस ओळखला. मग सगळे आपापल्या घरात शिरले. रस्त्यावर तो, ती आणि केस.

रिक्षात त्याला घेऊन बसली तीच. रक्ताला भिणारी बाई, डोळे गच्च मिटून, त्याचं डोकं मांडीवर.

दवाखान्यातून आल्यावर ती माझ्याकडे आली. "वदिना, चौकीत चल की," म्हणाली. रस्ता तिनं त्या दिवशी चौकीच्या बाजूला ओलांडला. हवालदारानं तिच्या फोनातलं ते बोलणं दाखवून विचारलं, हा आवाज कुणाचा? ती म्हणाली, माझा. त्यानं लावला तेव्हा ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, दुसरा पण ऐका, चहाचा. त्यानं ऐकला आणि विचारलं, हा कुणी ऐकला होता? "ज्यांनी ऐकला त्या माल द्यायला गेल्या हुत्या," ती म्हणाली. मग त्यानं मारणाऱ्यांची नावं विचारली. मला वाटलं आता ही गप्प बसेल. तिनं नावं सांगितली. जेवढे बघितले तेवढ्यांची. शोभाच्या दिराचंही. सांगताना तिचे दात एकमेकांवर वाजत होते, हवालदारानं तिला पाणी दिलं.

त्यांना पकडून नेलं आणि बोळ तिच्यावर उलटला. ज्यांची पोरं गेली त्या आयांनी तिच्याशी बोलणं टाकलं. गुरूपातून एकेक जण निघून गेली. पाणी सुटलेलं कुणी सांगेना. शोभाची सासू दारात उभी राहून म्हणायची की आवई हिनं उठवायची आणि तुरुंगात आमच्या पोरांनी जायचं. ते खरंही होतं.

हुलगप्पा शुद्धीवर येत नव्हता. मेला तर पोरं जन्माची अडकणार, हे सगळ्या बोळाला कळत होतं. त्यापेक्षा जास्त काहीतरी बालमणीला कळत होतं. तिनं भ्यालात तर बोला म्हणून सांगितलं होतं, आणि त्या सांगण्यानं एक माणूस दवाखान्यात पडला होता. तो मेला असता तर ती परत बोलली नसती, हे मी खात्रीनं सांगते.

ती रोज दवाखान्यात जायची. आल्यावर उरल्यासुरल्या गुरूपात बोलायची. तिची पद्धत तेव्हा बदलली. "मी बालमणी. मधलं घर. आज बुधवार. आत्ता म्हंजे सकाळचे दहा. हुलगप्पा तसाच हाय." दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं पुसून टाकायची, लेकीनं ते तिला फोनवरून शिकवलं. एक आवाज फोनात, तोही आजचाच. कुणी उत्तर देत नव्हतं. पण भिंती पातळच होत्या. ती बोलायला लागली की दोन्ही बाजूंची सुपं थांबायची, हे मला ऐकू यायचं.

मग एक दिवस ती बोलली, "आज सोमवार. दुपार. हुलगप्पानं डोळं उगडलं. आईचं नाव घेतलं."

मग बारीक आवाज आला. "मी शोभा. शेवटचं घर. ऐकलं."

सासूनं तिचा फोन काढून घेतला. पण हळूहळू बायका परत आल्या. पहिल्यासारखं मात्र झालं नाही. आता प्रत्येक जण वार सांगते, वेळ सांगते, आणि बोलण्याआधी थोडी थांबते. हुलगप्पा जगला. डाव्या कानानं ऐकू येत नाही असं म्हणतात. पोरं जामिनावर सुटली, खटला चालू आहे.

दिवाळीनंतर बालमणीची लेक तिला न्यायला यायची होती. त्याआधी एका शनिवारी दुपारी गौरम्मा फोनवर बोलली की हुलगप्पा रस्त्यावर उभा आहे, पोतं घेऊन, बोळात येत नाही. मी दारात आले. सगळ्या दारांत बायका, पण कुणी उंबरा ओलांडेना. कुणी बाहेर आलं असतं तरी त्यानं पळच काढला असता.

बालमणी घरातून गुंतवळीचं पुडकं घेऊन निघाली. ती बोळाच्या तोंडाशी पोचली तसं त्यानं पोतं खांद्यावर घेतलं आणि मागं सरकला. ती थांबली. तोही थांबला. तिनं पुडकं रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि तोंड त्याच्याकडे ठेवूनच मागं मागं आली, बरीच मागं. मग तो पुढं आला. आमच्या दारांवरची नजर न काढता वाकला, पुडकं पोत्यात घातलं, आणि त्या जागी एक वाटी ठेवली.

ती वाटी घ्यायला पुढं झाली तसा तो पळत सुटला. पोतं त्याच्या पाठीवर आपटत होतं. बालमणीनं वाटी तशीच राहू दिली. दोन्ही हात वर करून, उघडे तळवे त्याच्याकडे धरून, ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तो एकदा तरी वळून बघेल म्हणून.